मराठी ॲनाग्राम जनरेटर: तिन्ही पद्धती चालू झाल्या, आता तुमचं मत हवंय

ॲनाग्राम म्हणजे एका शब्दाची अक्षरं फिरवून बनवलेला दुसरा शब्द. मागच्या नोंदीत माझा जनरेटर फक्त अख्खी अक्षरं हलवत होता. आता तो तीन पद्धतींनी शब्द शोधतो, शब्दयादीही बरीच साफ झालीय. पण काही गोष्टी मी एकट्याने ठरवू नयेत असं वाटतं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

सगळं अडतं ते एकाच प्रश्नापाशी: मराठीत एक अक्षर म्हणजे नेमकं काय धरायचं? 'मगर'चं 'गरम' होतं, 'हवन'चं 'वहन' होतं, 'वारस'चा 'सवार' होतो. इथे वादच नाही. पण 'नवरा' आणि 'वानर' घ्या. दोन्हींत न, व, र आणि एक काना. र चा काना काढून व ला दिला की काम झालं. अक्षरं अख्खी धरली तर मात्र ही जोडी हाताला लागत नाही, कारण एकात 'रा' आहे आणि दुसऱ्यात 'वा'. मला ही जोडी इतकी आवडते की खास तिच्यासाठी सुट्या मात्रांची पद्धत लिहायला घेतली. मग पाठोपाठ मानव–वामन, साप–पास–पसा, राख–खार–खरा, नाव–वान–नवा अशी रांगच लागली. त्या दिवशी मी बराच वेळ नुसते शब्द टाकत बसलो होतो, कोडला हात लावला नाही.

तिसरी पद्धत वर्णांची. शाळेत जोडाक्षर फोडून दाखवायचो, अगदी तसं. 'कर्म' म्हणजे क् + अ + र् + म् + अ. 'क्रम' म्हणजे क् + र् + अ + म् + अ. तेच पाच वर्ण, फक्त अ ची जागा बदलली. खुद्द 'वर्ण' हा शब्द टाकला तर उत्तर येतं 'व्रण'. 'आस' आणि 'असा' हीसुद्धा याच पद्धतीत भेटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, सुटा आ आणि काना यांना दोन वेगळे क्रमांक आहेत, त्यामुळे शोधण्याआधी प्रत्येक काना परत आ मध्ये बदलावा लागतो. जोडाक्षरं मोडण्याची मुभा फक्त याच पद्धतीत ठेवलीय.

आता पडद्यामागचं. पहिल्या आवृत्तीत मी सगळ्या मांडण्या तयार करून एकेक यादीशी ताडून बघत होतो. दहा वेगवेगळ्या अक्षरांच्या ३६,२८,८०० मांडण्या होतात, पान गोठायचं. आता प्रत्येक शब्दाचे तुकडे आधीच क्रमाने लावून त्यांची किल्ली बनवलेली असते. मगर आणि गरम दोघांची किल्ली 'गमर'. तुमच्या शब्दाची किल्ली काढायची आणि त्या कप्प्यात काय आहे ते दाखवायचं. तीन पद्धतींचे तीन वेगळे कोश, बस.

शब्दाचे तुकडे पाडणं हे मात्र वाटलं त्याहून फार किचकट निघालं. 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण संगणकाला त्यात सहा खुणा दिसतात: स, हलन्त (पाय मोडल्याची खूण), त, हलन्त, र, वेलांटी. सुरुवातीला ब्राउझरमधली तयार सोय वापरली आणि लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. जुन्या फोनवर तोच शब्द टाकला तर स्, त्, री असे तीन तुकडे! कारण शोधताना कळलं की देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. जुन्या ब्राउझरला तो माहीतच नाही. शेवटी स्वतःचा नियम लिहिला: व्यंजन, हलन्त असेल तर पुढचं व्यंजन त्यालाच चिकटवायचं, मग मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग. आता सगळीकडे सारखंच उत्तर येतं.

सगळ्यात मोठी चूक केली ती यादी साफ करताना. न दिसणाऱ्या जोडखुणा कचरा समजून एका फटक्यात काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी 'दऱ्या' शोधला तर सापडेना. काही जुन्या मजकुरांत हा अर्धा र साधा र, हलन्त आणि अशीच एक जोडखूण मिळून लिहिलेला असतो. खूण काढली की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातल्या दऱ्या थेट समुद्रात. तशा सगळ्या नोंदी हुडकून, त्यांत ऱ चा स्वतंत्र क्रमांक घालून मगच यादी परत लावली. तुम्ही असलं काही करत असाल तर आधी ऱ्य आणि ऱ्ह कडे बघा.

यादीचा पाया मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी–इंग्रजी कोशातले मथळ्याचे शब्द. त्यात 'नांव', 'पांच' अशी अनुच्चारित अनुस्वाराची जुनी वळणं आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते अनुस्वार गेले, त्यामुळे यादी आजच्या लेखनावर आणावी लागली, आणि ते काम अजून पुरं झालेलं नाही. विभक्तीची रूपं मुद्दाम घेतली नाहीत. 'घरात', 'घराला', 'घरापाशी' सगळं घेतलं तर उत्तरांचा पूर येतो आणि चांगला शब्द त्यात बुडतो. अनेकवचनं मात्र हवीत असं माझं मत आहे.

एकापेक्षा जास्त शब्दांची उत्तरं अजून बंद आहेत. अक्षरं वाढली की उत्तरं कशी फुटत जातात याचं जुनं उदाहरण गॅलिलिओचं. १६१० मध्ये त्याने शनीबद्दलचं निरीक्षण अक्षरं विस्कटून कळवलं, आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरने त्यातून मंगळाला दोन उपग्रह असल्याचं वाक्य काढलं. त्यामुळे उत्तरं नुसती काढून भागणार नाही, क्रम कसा लावायचा तेही ठरवायला हवं.

आता तुमच्याकडून हवंय ते. पान उघडल्यावर आधी कोणती पद्धत दिसावी? मी सध्या सुट्या मात्रा ठेवल्यात. शब्दकोड्यांची सवय असलेल्यांना अख्खी अक्षरंच बरोबर वाटतील, हे मला पटतं, पण त्यात उत्तरं फार कमी येतात आणि नवा माणूस रिकामं पान बघून निघून जातो.

सुट्या मात्रांच्या पद्धतीत अनुस्वार सध्या व्यंजनाला चिकटलेला आहे. तो मोकळा केला तर 'कंप'चा 'पंक' होतो. माझा कल मोकळा करण्याकडे आहे, पण काहींना ती फसवणूक वाटेल. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरावं, ही सूचना दोघांनी केली. 'नदी'चं 'दीन' होतं तेवढं पुरे, 'दिन' नको असं मला वाटतं. फार जणांना हवंच असेल तर वेगळं बटण देईन, मूळ पद्धतीत घालणार नाही.

मोबाइलवर सुटी मात्रा दाखवली की तिच्यासोबत टिंबांचं वर्तुळ उमटतं. त्याऐवजी ठोकळ्यावर 'काना', 'पहिली वेलांटी', 'दुसरा उकार' असं लिहून बघितलंय. लहान पडद्यावर ते वाचता येतं का, हे सांगा.

आणि चार किंवा जास्त अक्षरांच्या, जोडाक्षर न मोडता जुळणाऱ्या जोड्या तुमच्याकडे असतील तर नक्की कळवा. माझ्याकडे त्या अगदी मोजक्या आहेत, आणि यादीत कुठले शब्द राहून गेलेत ते त्यांच्यावरूनच लवकर कळेल.