लेकीच्या लॅक्रोस टीमला मदत करायची होती, अडकले बोटांच्या ठशांत (माझा अनुभव)

१२ जानेवारीला व्हॉलंटियर कोच व्हायला अर्ज दिला आणि ११ एप्रिलला मैदानात उतरायची परवानगी मिळाली. ८९ दिवस! हायस्कूलचा सीझन मार्चच्या सुरुवातीला चालू होतो आणि मेमध्ये आटपतो, म्हणजे निम्मा सीझन मी बाहेर खुर्ची टाकून बसले. अजून आठवलं की डोकं तापतं. पुढच्या वर्षी कुणी आई किंवा बाबा व्हॉलंटियर कोच व्हायचं म्हणत असतील तर त्यांच्यासाठी लिहितेय.

आम्ही मेरीलँडला राहतो. कोल्हापुरात फुटबॉलचं जसं वेड आहे तसं इथे लॅक्रोसचं, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ. २००४ पासून तो राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे, आणि अमेरिकेतल्या मुलींच्या शाळेत हा खेळ पहिल्यांदा आला तोही बाल्टिमोरमध्येच, १९२६ साली, ब्रिन मॉर स्कूलमध्ये, रोझाबेल सिंक्लेअर यांनी आणला. माझी लेक नववीत, ज्युनियर टीममध्ये. २६ मुली आणि कोच एकटी, ती शाळेत गणित शिकवते, साडेतीनला वर्ग संपवून धावत मैदानावर येते. गोलकीपर मुलगी तर कोपऱ्यात एकटीच भिंतीवर बॉल मारत असायची, तिच्याकडे बघायला माणूसच नाही. जानेवारीच्या पालक मीटिंगमध्ये कोचने विचारलं, कुणी येईल का, मी हात वर केला. मी शाळेत खो-खो खेळलेय, पोलपाशी हुलकावणी देऊन वळायचं कसं, पाय कुठे टाकायचा हे मला शिकवता येतं, आणि लॅक्रोसमधला डॉज म्हणजे दुसरं काय असतं?

फॉर्म, डोक्याच्या दुखापतीचा ऑनलाइन कोर्स (फुकट आहे, एका संध्याकाळी होतो), सीपीआर, सगळं दोन आठवड्यांत झालं. आणि मग फिंगरप्रिंट, म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्याच्या नावावर काही गुन्हा नाही ना, ते तपासायला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर ग्लोव्ह्ज, साबण, सॅनिटायझर. टेक्निशियनने माझं एकेक बोट धरून काचेवर या नखापासून त्या नखापर्यंत फिरवलं, काच पुसली, परत फिरवलं, आणि स्क्रीनवर रेषांच्या जागी नुसता करडा डाग. अंगठा तेवढा दिसत होता. तो म्हणाला पाठवून बघू. मी निवांत घरी आले.

तीन आठवडे काही नाही. शाळेत विचारलं तर ते म्हणाले डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला विचारा, ऑफिस म्हणालं प्रोसेसमध्ये आहे. चौथ्या आठवड्यात मी रजा टाकून स्वतः गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की ठसे रिजेक्ट होऊन आलेत, तेही १७ दिवसांपूर्वी. १७ दिवस ते त्यांच्याकडे पडून होतं आणि एक ईमेल करायला कुणाला झालं नाही! मी विचारलं मला कळवलं का नाही, तर म्हणाल्या, आम्ही क्लिअर झालेल्यांना कळवतो. हे वाक्य मी विसरणार नाही.

दुसऱ्यांदा जायच्या आधी आईने फोनवर सांगितलं, रोज रात्री खोबरेल चोळ आणि सुती मोजे घालून झोप. आठवडाभर केलं, भांडी नवऱ्याने घासली, सकाळी निघताना मात्र हात स्वच्छ धुवायचे, तेलकट बोट काचेवर चालत नाही. या वेळी सात बोटं चांगली आली. तरी रिजेक्ट.

आता खरी माहिती ऐका, जी मला खिडकीत कुणीच दिली नाही, लॅबमधल्या एका मैत्रिणीने दिली कारण तिचंही असंच झालं होतं. ठसे दोनदा वाचता आले नाहीत तर एफबीआयकडून नुसत्या नावावरून तपासणी करून घेता येते. पण ती आपोआप होत नाही आणि आपल्याला स्वतःला मागताही येत नाही, ज्या ऑफिससाठी ठसे दिले त्यांनीच मागायची. त्यासाठी दोन्ही वेळच्या पावत्यांवरचे नंबर लागतात. पावत्या फेकू नका, निदान फोटो काढून ठेवा! मी पुन्हा रजा घेतली, पुन्हा त्याच खिडकीत, पावत्या काचेवर ठेवल्या आणि म्हटलं रिक्वेस्ट आत्ता माझ्यासमोर पाठवा, तोवर मी इथेच बसते. पन्नास मिनिटं बसले. पाठवली.

तोपर्यंत मॅचेस सुरू झाल्या होत्या. मी स्कोअर टेबलवर बसून ड्रॉ (खेळ सुरू करताना दोघी स्टिकने बॉल उडवतात तो) कुणी जिंकला ते लिहायचे. तिथून पालकांचं वागणं नीट दिसतं. ज्यांचे मुलगे लॅक्रोस खेळतात ते बाबा ओरडायचे, धडक दे तिला! मुलींच्या खेळात अंगाला धडक चालतच नाही, डोक्याभोवती ७ इंचांच्या आत स्टिकसुद्धा न्यायची नाही. एक आई दर वेळी लेकीला ओरडायची, गोलसमोर उभी राहा, हलू नकोस. आता नियम असा की शूट करणारी आणि गोल यांच्या मधली वाट, कुणाला मार्क न करता (समोरच्या टीममधल्या कुणाला जवळून न धरता), अडवून उभं राहिलं तर तो फाऊल. मुलगी आईचं ऐकायची, शिट्टी वाजायची, मग आई रेफरीवर चिडायची. आणि रात्री कोचला ईमेल, माझ्या मुलीला कमी खेळवलं. मॅचनंतर २४ तास कोचशी बोलायचं नाही हे मीटिंगमध्ये सगळ्यांनी सही करून मान्य केलं होतं. कोच एकदा टेबलापाशी येऊन म्हणाली, मुलींनी मी थकत नाही. मला फार वाईट वाटलं.

हो, एक राहिलं, अर्ज नोव्हेंबरमध्येच द्या. जानेवारीत सगळ्या खेळांच्या व्हॉलंटियर्सची गर्दी असते. आणि दर आठवड्याला विचारा, लाज वाटून घेऊ नका.

११ एप्रिलला दुपारी ईमेल आला, मी लॅबमधून थेट मैदानावर. गोलकीपरपासून सुरुवात केली. आधी बॉल नाही, नुसते पाय, डावीकडे एक पाऊल, उजवीकडे एक, गुडघे वाकवून, खो मिळायची वाट बघत बसतो तसं तयारीत. मग दहा पावलांवरून मी बॉल टाकायला लागले. तिसऱ्याच बॉलला ती आधी पाय हलवून मग स्टिक घेऊन आली, बॉल स्टिकच्या जाळीत धप्पकन बसला, आणि तिने गॉगलवाल्या बाकीच्या पोरींकडे वळून स्टिक वर धरली. लेक लांबून बघत होती.