उलटे आटे, सुलटे आटे

शनिवार, ८ फेब्रुवारी

आमच्या बिल्डिंगचं तळघर रिकामं करायचं चाललंय. महिनाभर खाली दारावर नोटीस होती, ज्याचं जे सामान असेल त्याने त्यावर नाव लिहून चिकटवा, बाकी सगळं भंगारात जाणार. मिलानोतल्या जुन्या बिल्डिंगींना प्रत्येक फ्लॅटमागे तळघरात एक खोली मिळते, कांतीना म्हणतात तिला, आणि तीस-चाळीस वर्षांत तिथे काय काय साठतं ते बघण्यासारखं असतं. मी आमच्या दोन सुटकेसा आणायला उतरले होते. पॅसेजच्या शेवटी पाइपाला टांगलेली एक सायकल दिसली, रेसिंगची, खाली वाकलेलं हँडल, टायर वाळून फाटलेले, आणि धुळीखाली कसला तरी हिरवट-पिवळट रंग. नाव चिकटवलेलं नाही. पुढच्या नळीवर बोटाने पुसलं तर तलवार उगारलेला एक योद्धा दिसला आणि मी तिथेच उकिडवी बसले, कारण हा योद्धा मला माहितीये. लेन्यानो, इथली जुनी सायकल कंपनी.

लेन्यानो गाव इथून जेमतेम तीस किलोमीटरवर. ११७६ साली तिथे लोंबार्दीतल्या शहरांनी एकत्र येऊन बार्बारोसा बादशहाला हरवलं, आणि त्या लढाईतला दंतकथेतला वीर आल्बेर्तो दा जुस्सानो गावाच्या चौकात पुतळा होऊन तसाच तलवार उगारून उभा आहे. तोच या सायकलींच्या बिल्ल्यावर. आणि या हिरव्या सायकलींवर कोण कोण बसलंय! पाच वेळा जीरो, म्हणजे इटलीची सगळ्यात मोठी सायकल शर्यत, जिंकलेला आल्फ्रेदो बिंदा, ज्याला १९३० साली आयोजकांनी साडेबावीस हजार लिरे दिले ते स्पर्धेत उतरू नकोस म्हणून, कारण तो आला की बाकीच्यांना काही उरतच नव्हतं. मग जीनो बार्ताली. आणि १९४० मध्ये बार्तालीच्या टीममध्ये त्याच्या मदतीला घेतलेला वीस वर्षांचा पोरगा फाउस्तो कोप्पी, जो तो जीरो स्वतःच जिंकून बसला. कोप्पी म्हटलं की सगळ्यांना बियांकी कंपनीच्या सायकलींचा आकाशी रंग आठवतो, पण पहिला जीरो त्याने हिरव्या टीमकडून जिंकला.

दोन दिवस सगळ्या मजल्यांवर विचारत फिरले. कोणाचीच नाही. बिल्डिंगचं काम बघतात ते म्हणाले, घेऊन जा, एक वस्तू कमी उचलावी लागेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

बाल्कनीत पुठ्ठे अंथरून कामाला लागले. आधी नुसती ओल्या फडक्याने पुसली. खाली गंज आहे पण वरवरचा, नळ्या ठोकून बघितल्या तर आवाज खणखणीत. पुढे दोन दातेरी चाकं, मागे पाच, म्हणजे दहा गिअर. डिरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवतो तो, काम्पान्योलो कंपनीचा ग्रान स्पोर्त, ब्रेक युनिव्हर्साल कंपनीचे. सीटची नळी आवळणारा बोल्ट बहुतेक सायकलींना मागच्या बाजूला असतो तो हिला पुढे आहे, वरच्या नळीच्या सांध्यात. ही लेन्यानोची जुनी खासियत, वाचलं होतं पण हाताला लागल्यावर वेगळंच वाटलं.

आणि क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, कॉटर पिन, दांडा एक्सलवर आवळून धरणारी पाचर!

हे बघून मला खरंच भरून आलं. सांगलीला बाबांची काळी ॲटलास होती, दर रविवारी सकाळी ती अंगणात उलटी व्हायची, खाली पेपर, बाजूला रॉकेलची वाटी, त्या वाटीत छर्रे टाकून ते मला हलवायला द्यायचे. कॉटर पिन काढायची तर क्रँकच्या खाली लाकडाचा ठोकळा लावायचा, नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाशी लेव्हल येईल इतकाच ढिला करायचा म्हणजे आटे खराब होत नाहीत, आणि मग एकच घाव, पण पूर्ण जोराने. दहा हलके घाव घातले की पिन वाकते आणि मग ती कोणाच्या बापाला निघत नाही. हे सगळं मला कोणी शिकवलं असं वाटतच नाही, माझ्या हातात ते होतंच. इटालियनमध्ये हिला कियावेल्ला म्हणतात. रात्रभर तेल सोडून ठेवलं होतं, सकाळी ठोकळा लावला, एक घाव, निघाली. दुसरीला दोन लागले.

बाबांना लगेच फोन केला. इथले सकाळचे दहा म्हणजे तिकडे अडीच, जेवून नुकते आडवे झाले होते. म्हणाले, "अगं, इटलीच्या रेसिंगच्या सायकलीला पण कॉटरच का?" तेव्हाच्या बऱ्याच सायकलींना कॉटरच होती म्हटलं. मग बराच वेळ नुसते फोटो मोठे करून बघत होते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज वैतागलेय, थोडक्यात लिहिते. बीबीचा, म्हणजे क्रँक जिथे फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटचा, एक्सल काढला, छर्रे धरणारी डाव्या बाजूची वाटी निघाली, उजव्या बाजूची निघत नाहीये. दोन संध्याकाळी गेल्या. बाबांचं वाक्य पाठ आहे, चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्याची, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायची. तेल सोडलं, हेअर ड्रायरने गरम केलं, मोठा बोल्ट आणि वॉशर लावून पाना घट्ट बसवला आणि अंगातला सगळा जोर लावला. केसभरसुद्धा हलली नाही. हाताची सालटी निघालीयेत.

रविवार, २३ फेब्रुवारी

कळलं. आणि कळल्यावर पाच मिनिटं गप्प बसून होते.

आपल्या एका ओळखीच्या ठिकाणी गेले होते, चिक्लोफिचीना म्हणतात त्याला, म्हणजे अवजारं त्यांची, हात आपले. तिथे कोणी तुमची सायकल दुरुस्त करून देत नाही, शेजारी उभं राहून सांगतात. तिथले एक वयस्कर सिन्योर फ्रेम बघून एवढंच म्हणाले, वाटीचं तोंड पुस. फडकं फिरवलं तर बारीक अक्षरांत कोरलेलं, ३६ × २४. मग त्यांनी व्हर्नियर दिला, बीबीची नळी मोजायला. ७० मिलिमीटर. इंग्लिश मापाची असती तर ६८ आली असती. म्हणजे हे इटालियन आटे, ३६ मिलिमीटर व्यास, इंचाला चोवीस आटे, आणि दोन्ही बाजू सुलट्या. उजवीही सुलटी!

म्हणजे दोन संध्याकाळ मी ती वाटी सोडवत नव्हते, आणखी आवळत होते. आपल्याकडच्या सायकली इंग्लिश घराण्यातल्या, त्यामुळे बाबांचं वाक्य आपल्याकडे शंभर टक्के खरं. इथे तेच वाक्य उलटं. उलट दिशेने पाना लावला, पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला, सिन्योरांनी फ्रेम धरली, आणि एक मोठा टक्क आवाज होऊन वाटी सुटली.

घरी येऊन बाबांना सांगायचं की नाही, असं झालं होतं. वाटलं त्यांना वाईट वाटेल. शेवटी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग विचारलं, "मग ती वाटी चालवताना सुटत कशी नाही?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता! चिक्लोफिचीनातही मी विचारला नव्हता. आणि प्रश्न अगदी नेमका आहे, कारण उजव्या वाटीला उलटे आटे ठेवण्याचं कारणच ते आहे, पायडल मारताना एक्सल फिरतो तसे छर्रे वाटीच्या आतून लोळत जातात आणि लोळता लोळता वाटीला उलट दिशेला हळूहळू सरकवतात, एका फेरीत कळणारही नाही इतकं, पण हजारो फेऱ्यांनी सुलट्या आट्याची वाटी सैल होऊ शकते. इटालियन वाट्या खरंच सैल होतात, ही या आट्यांची जुनी तक्रार आहे, त्यामुळे ती वाटी भयंकर जोराने आवळायची, एवढंच त्यावर उत्तर. बाबांनी हे कुठे वाचलेलं नाही. चाळीस वर्षं दर रविवारी ती वाटी हातात घेतलेल्या माणसाला ते आपोआप समजतं. मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही बरोबर विचारलंत, तर म्हणाले, "बाळा, आवळशील तेव्हा वाटीवर आणि नळीवर मिळून एक रेघ मार. सरकली तर दिसेल."

रविवार, ९ मार्च

रंगाचा निर्णय झाला. ऑफिसमधला एक जण मागे लागला होता की सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मार, नवी कोरी दिसेल, मोनझाकडे त्याच्या ओळखीचं कोणीतरी आहे. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण काल खालच्या नळीवरचे गिअरचे लिव्हर काढले, तर उजव्या लिव्हरच्या बाजूला रंग झिजून पार धातू दिसतोय, बोट टेकून टेकून गुळगुळीत झालेला, आणि डाव्या बाजूला रंग जवळजवळ शाबूत. बरोबरच आहे, उजवा लिव्हर मागच्या पाच गिअरचा, सारखा लागतो, डावा क्वचित. कोणीतरी ही सायकल खूप चालवलीये, वर्षानुवर्षं, चढ-उतारावर, आणि त्या माणसाबद्दल माझ्याकडे एवढीच एक खूण आहे. ती मी सँडब्लास्टने उडवायची? नाही.

इथे दोन शब्द आहेत, रेस्ताउरातो आणि कोन्सेर्वातो, एक म्हणजे नव्यासारखं केलेलं आणि दुसरं म्हणजे आहे तसं जपलेलं. माझी दुसऱ्या प्रकारातली. रंगाचं इटालियन नाव वेर्दे रामार्रो, रामार्रो म्हणजे हिरवा सरडा, आणि खरंच उन्हात धरली की हिरव्यातून पिवळी झाक मारते. नवा रंग देऊन ती झाक आली असती असं मला वाटत नाही.

तर केलं काय, की कारचं मेण हलक्या हाताने, स्टिकरांच्या आजूबाजूला फक्त ओला कापूस कारण ती नुसत्या घासण्याने निघून येतात. क्रोमवरच्या गंजाला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला, याच्याइतका स्वस्त आणि समाधान देणारा उद्योग दुसरा नाही, अगदी डोळ्यांदेखत चकाकी येते. नट-बोल्ट ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर, हातमोजे घालून, आणि नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे केले. नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवलं, गंज धरू नये म्हणून. ती तेलकट फडकी बोळा करून टाकायची नाहीत, आपोआप पेट घेऊ शकतात, मी दोरीवर पसरून वाळवली.

रविवार, ३० मार्च

आज घड्याळं पुढे गेली, आता भारताशी फरक साडेतीन तासांचा. बाबांना हे दर वर्षी नव्याने समजावावं लागतं.

सगळे छर्रे नवीन घातले. बीबीला पाव इंची, एका बाजूला अकरा. जुन्या छर्ऱ्यांवर खड्डे पडले होते पण वाट्या आतून चांगल्या निघाल्या, हे नशीब. इटालियनमध्ये या वाटीला कालोत्ता म्हणतात पण माझ्या डोक्यात ती वाटीच, आमटीची असते तीच. ग्रीसमध्ये छर्रे एकेक करून बसवताना मी मोठ्याने मोजत होते, आणि नवव्याला लक्षात आलं की मी लहानपणच्याच सुरात मोजतेय.

उजवी वाटी पाइप लावून आवळली, घाम निघेपर्यंत. आणि पांढऱ्या पेनने रेघ मारली.

कॉटर पिना नव्या आणल्या, दोन्ही कानशीने घासून बसवाव्या लागल्या. तिरकं तोंड जरा कमी-जास्त झालं की दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत, पायडल मारताना लंगडल्यासारखं होतं, आणि दोन्ही पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने घालायच्या हे विसरलं तरी तेच होतं. थोडं घासायचं, बसवून बघायचं, परत काढायची. दुपार त्यात गेली आणि मला एक मिनिटही वाया गेल्यासारखं वाटलं नाही.

चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, चिक्लोफिचीनात बसून काढला. टायर ट्युब्युलर, म्हणजे ट्यूब आत शिवलेली असते आणि अख्खा टायर रिमला गोंदाने चिकटवतात. आधी कोरडाच दोन दिवस रिमवर ताणून ठेवला, नाहीतर नवा टायर इतका आखूड असतो की गोंद लावल्यावर चढवताना सगळं अंगाला लागतं. तरी लागलंच, कोपरापर्यंत.

रविवार, १३ एप्रिल

आज पहिली फेरी. मार्तेसाना कालव्याच्या काठाने, क्रेशेन्झागोवरून चेर्नुस्को, गोर्गोन्झोला, असं करत कासानो दाद्दापर्यंत जायचं ठरवलं होतं, पण गोर्गोन्झोलाहूनच परत फिरले. दम संपला म्हणून नाही, पहिल्याच दिवशी नव्या पिनांवर इतका भार नको, पहिल्या फेरीनंतर कॉटरचे नट परत आवळावे लागतात.

पायाला लोखंडाच्या क्लिपा आणि पट्टे, गिअर बदलायला हँडल सोडून हात खाली नळीवर न्यायचा. पहिली दहा मिनिटं भीती वाटली. गिअर आपल्या मनाने टकटक करून बसत नाही, लिव्हर थोडा जास्त ढकलायचा आणि मग किंचित मागे आणायचा, चेनची खरखर थांबली की बसला. विमोद्रोनेच्या पुढे कधीतरी माझं बोट आपोआप नळीवरच्या त्या झिजलेल्या जागी टेकलं. त्या माणसाचा हात माझ्यापेक्षा मोठा असणार, जागा जरा लांबट आहे.

तोस्कानातल्या गायोले गावात ऑक्टोबरमध्ये लेरोइका म्हणून राइड होते, १९९७ पासून चालू आहे, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून, १९८७ च्या आधीच्याच सायकली चालतात, गिअरचे लिव्हर नळीवर आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून हव्यात. माझी सायकल सगळ्या अटींत बसते. मी त्या चढांच्या अटीत बसते की नाही ते उन्हाळाभर बघेन, मनापासून जायची इच्छा आहे.

घरी येऊन आधी सायकल उलटी केली. बाल्कनीत, पेपर पसरून. पेपर इटालियन, एवढाच फरक. कॉटरचे नट अर्धा-अर्धा फेरा बसले. मग टॉर्च घेऊन बीबी बघितली. वाटीवरची रेघ आणि नळीवरची रेघ, दोन्ही एका ओळीत, जशी मारली तशी. फोटो काढून बाबांना पाठवला.

तिकडे रात्र झाली होती, तरी लगेच उत्तर आलं. "पन्नास किलोमीटर झाले की परत बघ."