आमची वाटचाल: गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर

आमच्या पाटीवर 'टूर्स' लिहिलंय, त्यामुळे दिवाळी जवळ आली की कोणी ना कोणी काश्मीरचे दर विचारायला येतंच. काश्मीर आमच्याकडे नाही. आम्ही रेल्वेत काम करणाऱ्यांना रेल्वेच दाखवायला नेतो. आमच्याकडे कर्जत-लोणावळा आहे, कसारा-इगतपुरी आहे, नेरळ-माथेरान आहे, नागपूरचं मोतीबाग रेल्वे म्युझियम आहे, आणि परवानगी मिळाली तर इंजिनांची एखादी शेड किंवा वर्कशॉप. गिऱ्हाईक म्हणजे ॲप्रेंटिस, नुकते लागलेले जेई (ज्युनिअर इंजिनीअर), असिस्टंट लोको पायलट, सिग्नल मेंटेनर, आणि अलीकडे मेट्रोतली आणि ठेकेदारांकडची पोरं. ऑफिस भुसावळला. दुसऱ्या गावात राहिलो असतो तर हा धंदा सुचलाच नसता.

भुसावळकरांना सांगायला नको, इथे घराआड एक माणूस रेल्वेत. पण शेडचा माणूस शेडमध्ये आणि सिग्नल केबिनचा केबिनमध्ये. आमच्याच आळीतला एक पोरगा लोको शेडमध्ये ब्रेकचं काम करायचा. त्याच्या हातचा ब्रेक घाटात कसा वापरतात, ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. साहेबलोकांसाठी पुण्याला रूळ-पुलांच्या इंजिनीअरांची संस्था इरिसेन आहे, सिकंदराबादला सिग्नलवाल्यांची इरिसेट आहे. आमच्या भुसावळातही झेडआरटीआय, म्हणजे रेल्वेची झोनल ट्रेनिंग संस्था, आहे आणि तिथे चांगलं शिकवतात. पण वर्गातला चढ फळ्यावर असतो. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, हे फळ्यावर बघून कोणाला घाम फुटत नाही. आणि ठेकेदाराकडच्या पोराला तर तो फळाही मिळत नाही.

सुरुवात मी आणि आप्पांनी केली. आप्पा लोको इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशाला हात लावायचा नाही असं काकूंनी ठणकावलं होतं, तेव्हा आप्पांनी पैसा घातला नाही, शब्द घातला. या धंद्यात तेच भांडवल. बस भाड्यानं मिळते, जेवण मिळतं, झोपायला जागा मिळते. गेट भाड्यानं मिळत नाही.

गेट उघडतं ते पत्रानं. आमचं पत्र एका पानाचं. वर विषय, मग नावं, हुद्दे, येण्याचा दिवस आणि बाहेर पडण्याची वेळ, 'आत फोटो काढणार नाही' ही ओळ, आणि शेवटी सगळ्यांच्या पायात सेफ्टी शूज असतील याची हमी. मागे आधारच्या झेरॉक्स. हे पत्र पोस्टानं पाठवायचं नाही. हातानं न्यायचं, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायचा, आणि चार दिवसांनी चौकशीला जायचं ते क्लार्ककडे. साहेबांकडे परस्पर गेलात की क्लार्क दुखावतो आणि फाइल ढिगात तळाला जाते. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांनी एवढं तरी लिहून ठेवा.

बुटांची हमी पोरांच्या भरवशावर देता येत नाही. निम्मी स्पोर्ट्स शूजमध्ये येतात, एखादा चपलेत. म्हणून मुंबईहून सेकंडच्या मालातले सेफ्टी शूज आणले. सहा नंबरपासून अकरापर्यंत, टाचेवर पिवळ्या रंगानं नंबर घातलेले, दोन गोण्या. परत आलो की गच्चीवर वाळत घालतो. शेजारी हसतात, हसू देत.

आणि आमची पेटी, काटा आणि सिग्नल समजावायची. तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिणार, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद वाचा. पत्र्याच्या ट्रंकेत बसेल एवढी प्लायवूडची फळी, तिच्यावर पितळी पट्ट्यांचे रूळ, मध्ये सरकणारा काटा (गाडीला या रुळावरून त्या रुळावर नेतो तो), लॉकची पट्टी, दोन खटके आणि पत्र्याचा एक सिग्नल. आप्पांच्या ओळखीतल्या एका निवृत्त फिटरनं घरी बसून केली. पहिला खटका ओढला की काटा सरकतो. काटा पूर्ण बसला तरच लॉकची पट्टी खाचेत जाते, आणि पट्टी गेली तरच सिग्नलचा खटका हलतो. पोरं जोर लावून बघतात, पट्टी वाकते, मी ठोकून सरळ करतो. खऱ्या काट्यात सरकणाऱ्या टंग रेल आणि जागच्या स्टॉक रेलच्या मध्ये पाच मिलिमीटरचा तुकडा ठेवून तपासतात, तेवढ्या फटीला काटा लॉक व्हायलाच नको. आप्पा आमच्या मॉडेलमध्ये काडेपेटीची काडी ठेवायचे आणि शेडमधल्या एखाद्या आडदांड पोराला म्हणायचे, "ओढ आता सिग्नल." तो ओढायचा, ओढायचा, आणि मग गप्प व्हायचा. गाडीच्या डब्यात हे चाललं की पलीकडच्या बर्थवरचे प्रवासीही उठून बघायला यायचे.

दर स्वस्त कसे, हे सगळे विचारतात. यात जादू नाही. रेल्वेच्या मोफत पासवर येणाऱ्याकडून आम्ही प्रवासाचे पैसे घेतच नाही, जेवण, मुक्काम आणि जीपचे घेतो. पीटीओवाल्याला (पीटीओ म्हणजे रेल्वेवाल्यांची सवलतीची तिकीट ऑर्डर) एक तृतीयांश भाडं पडतं, त्याचं तिकीट तो काढतो. उरली मेट्रो आणि ठेकेदाराकडची पोरं. मार्ग फिरून परत भुसावळला येणारा असेल तर त्यांच्यासाठी चक्राकार प्रवासाचं तिकीट. एकूण अंतराचे दोन सारखे भाग धरून दोन सरळ प्रवासांचं भाडं लावतात, आणि लांबच्या अंतराला किलोमीटरचा दर उतरत जातो, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी तिकिटं काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वाटेत आठ ठिकाणी उतरता येतं. खिडकीवरच्या नव्या माणसाला हे तिकीट माहीत नसतं, कमर्शियल खात्याच्या ऑफिसात जाऊन मार्ग लिहून द्यावा लागतो. ट्रॅव्हलवाले हे तिकीट सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना काही सुटत नाही.

मुक्काम शक्यतो गाडीतच. नागपूरकडे जाताना शेगावचं भक्तनिवास, नांदेडकडे गुरुद्वाऱ्याचं यात्री निवास. इतकी स्वच्छ जागा त्या पैशात कुठल्या लॉजवाल्यानं दिली तर मला कळवा. पहिल्या दिवसाचं जेवण घरचं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी. केळी कुठली ते सांगायला नको.

पुढची काही वर्षं बरी गेली. पोरं येत होती, पैसे येत होते. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग आमच्याकडचाच एक मुलगा बाहेर पडला. नाव लिहीत नाही, भुसावळात सगळ्यांना ठाऊक आहे. अक्षर छान, बोलायला गोड, पत्रं तोच टाइप करायचा. त्यानं मोठ्या शहरात ऑफिस थाटलं आणि आमचाच धंदा कॉलेजांना विकायला लागला. इंजिनीअरिंग कॉलेजांची इंडस्ट्रियल व्हिजिट तुम्हाला माहीतच आहे, आठवडाभर मनाली आणि वाटेत एक कारखाना, तोही गेटपासून कँटीनपर्यंत. सर्टिफिकेटवर शिक्का पडला की सर खूश, पोरं खूश. त्यानं त्याच थाटात 'रेल्वे स्टडी टूर' काढली. बसमध्ये डीजे, रात्री कॅम्पफायर, मध्ये कुठेतरी एक यार्ड. माहितीपत्रक आमचंच. आमच्या छापखान्यात 'इगतपुरी'चं 'इतगपुरी' झालं होतं, त्याच्या पत्रकातही 'इतगपुरी'च. फोन करून विचारलं तर म्हणतो, "भाऊ, रेल्वे काय तुमच्या एकट्याची आहे का?"

नाही. पण पत्राचा नमुना माझा होता.

त्या पत्रावर तो एका यार्डात बसभर पोरं घेऊन गेला. कोण कुठल्या शाखेतलं, त्यालाच माहीत नव्हतं. समजावणारा कोणी नाही, सगळे फोन वर करून हिंडत होते. एक पोरगा फोटोसाठी उभ्या टँक वॅगनच्या शिडीवर चढला. वर ओएचई, इंजिनाला वीज देणारी तार. पंचवीस हजार व्होल्ट. त्या तारेला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी करंट हवेतून उडी मारून अंगावर येतो, म्हणून दोन मीटर लांब राहायचं हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी घोकून घेतात. तिथल्या एका खलाशानं (रेल्वेतल्या मदतनीसानं) पाय धरून त्याला खाली ओढला. वाचला. त्या खलाशाचं कौतुक कोणी केलं असेल असं वाटत नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. खाजगी टूरवाल्यांना पुढील आदेशापर्यंत प्रवेश नाही. एका गेटवर झालेली गोष्ट बाकीच्या गेटांना कळायला पत्र लागत नाही, चहाच्या टपरीवर कळते. आणि त्याचं पत्र ओळ न ओळ आमच्यासारखं असल्यानं निम्म्या ठिकाणी आमचंच नाव झालं. "तुमचीच पोरं ना ती?" असं मला ज्यांनी विचारलं, त्यांच्या टेबलावर आमच्या कित्येक वर्षांच्या प्रती शिक्क्यासकट पडलेल्या होत्या. काढून बघायला पाच मिनिटं लागली असती. आप्पा स्वतः गेले. ज्या ऑफिसात त्यांना बघून लोक उठून उभे राहायचे, तिथे त्यांना बाकावर बसवून ठेवलं. परत आल्यावर काही बोलले नाहीत. मी मात्र बोललो, आणि अजून बोलतो.

डिसेंबर-जानेवारीचं सगळं बुकिंग घेतलेलं होतं. जीपवाल्यांना आगाऊ दिलेलं, बहुतेकांनी परत दिलं नाही. पोरांचे पैसे मी परत केले, सगळे, सुमो विकून. काही जण म्हणाले, निम्मे दे, बाकीचे पुढच्या वेळी. पण ॲप्रेंटिसच्या स्टायपेंडमधून आलेला पैसा आपल्याकडे ठेवून झोप लागत नाही.

आप्पा म्हणाले, गेट बंद आहे, प्लॅटफॉर्म तर बंद नाही ना? त्यावर पुढचा धंदा उभा राहिला.

कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायला कोणाचं पत्र लागत नाही. लोणावळ्याकडे जाणारी गाडी येते, मागून बँकर, म्हणजे घाटात ढकलायला लावतात ते इंजिन, येतो, जोडताना डब्याला हलका धक्का बसतो. पोरांना आम्ही शेवटच्या डब्याजवळ उभं करतो. दोन्हीकडच्या लोको पायलटांची शिट्ट्यांची देवाणघेवाण ऐकायची, मग पळत डब्यात चढायचं नाही, पुढच्या गाडीनं जायचं. तीच गोष्ट कसाऱ्याला. मुंबई–निजामुद्दीन राजधानी 2019 साली सुरू झाली, तिला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन, त्यामुळे घाटात बँकरसाठी थांबावं लागत नाही. एक गाडी बँकर लावून आणि एक राजधानी, दोन्ही एकाच दिवशी दाखवल्या की पुश-पुलवर (पुढून ओढणं, मागून ढकलणं) वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

खरा धडा उतरताना. भोर घाटात, म्हणजे लोणावळा-कर्जतमध्ये, मुंबईकडे येणारी गाडी मंकी हिलला थांबते, ठाकूरवाडीला थांबते. चढणारं कोणी नाही, उतरणारं कोणी नाही. प्रवासी वैतागून घड्याळ बघतात. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवल्याशिवाय पुढची वाट मिळत नाही, आणि थांबता आलं नाही तर ती कॅच सायडिंगमध्ये, म्हणजे सुटलेली गाडी अडवायच्या बाजूच्या रुळावर जाते, मेन लाइनवर नाही. आमच्या आळीतला तो ब्रेकवाला पोरगा पहिल्यांदा तिथे आला तेव्हा खिडकीतून मान काढून चाकांचा आवाज ऐकत बसला. खिडकीतून मान काढू नये, हेही त्याला सांगितलं.

नेरळ-माथेरान 1907 ची, दोन फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), एकास वीसचा चढ. पर्मनंट वेच्या, म्हणजे रुळांचं काम करणाऱ्या पोरांना ती वळणं दाखवायलाच हवीत. मोतीबागच्या म्युझियमात नॅरो गेज हाताच्या अंतरावरून बघता येतं. बार्शी लाइट या नॅरो गेज रेल्वेची गोष्ट कुर्डुवाडीच्या प्लॅटफॉर्मवर सांगतो. 1897 मध्ये तिच्या इंजिनीअरनं, कॅलथ्रॉपनं, इंजिनापासून वॅगनपर्यंत सगळ्यांचा ॲक्सल लोड (चाकांच्या एका जोडीवरचं वजन) पाच टनांवर ठेवला, म्हणून हलक्या रुळांवर भरपूर माल वाहता आला. पाचोरा–जामनेर ही नॅरो गेज आमच्या घरची, अर्ध्या दिवसाची टूर. 2020 ला ती थांबली ती थांबलीच.

2020 चं म्हणाल तर तेव्हा सगळ्यांचंच बुडालं, आमचं वेगळं काय सांगायचं. एका माणसाचं मात्र सांगतो. पहिल्या टूरपासून येणारा एक सिग्नल मेंटेनर, आता जेई आहे. दरवर्षी घासाघीस. दशम्या कमी पडल्या म्हणून पन्नास रुपये कापणार, जीपमध्ये मागे बसवलं म्हणून कापणार. पूर्ण पैसे त्यानं कधी दिले असतील तर शपथ. त्या पावसाळ्यात दुचाकीवरून आला, मास्क लावून दारातच उभा राहिला, आणि त्याच्या सेक्शनमधल्या चार पोरांचे पैसे पूर्ण मोजून दिले. कुठल्या टूरचे, विचारलं. "निघेल तेव्हाच्या." मग पावती मागितली, शिक्क्यासकट. शाई वाळली होती, स्टँप पॅडवर पाणी टाकून शिक्का मारला. पुढे टूर निघाली तेव्हा जीपवरून तो भांडलाच.

नंतर साहेब बदलले, काही गेटं उघडली, काही अजून बंद आहेत. आप्पांचे गुडघे गेले, ते आता भुसावळातच पेटी उघडून पोरांना बसवतात. तो मुलगा आता मनालीच करतो, दोन बस आहेत म्हणे. चांगलं आहे.

या हंगामाबद्दल. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे नावं उशिरा देऊन चालणार नाही. एका फॉर्मवर सहाच नावं जातात, मित्रांच्या बर्थ शेजारी-शेजारी मागू नका. पंचवीसच्या वर पोरं घेत नाही, शेडच्या आवाजात मागच्याला ऐकू जात नाही. आपल्याच खात्याची टूर मागू नका, ते तुम्हाला रोज दिसतं. सिग्नलवाल्यांनी घाटाची घ्यावी, लोकोवाल्यांनी काट्याची. नाव देताना पास, पीटीओ की तिकीट, आणि बुटाचा नंबर लिहा. ॲप्रेंटिसचा दर गेल्या वर्षीचाच आहे. आगाऊ रकमेची पावती मागून घ्या. आम्ही देतो, दुसरीकडेही मागून बघा.