डिस्प्लेवर २०५, ब्रॅकेटवर १६५

पावडर कोटिंगमध्ये, म्हणजे धातूवर रंगाची कोरडी भुकटी बसवून ती ओव्हनमध्ये भाजण्याच्या कामात, काहीही बिघडलं की पहिला संशय पावडरवर. मी पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक विभागात असल्यामुळे असे फोन मलाच येतात. वाळूजच्या एका जॉबवर्क शॉपमधून आलेला फोनही तसाच होता. "तुमची काळी बॅच खराब आहे. बोल्ट आवळला की रंग काचेसारखा उडतोय."

ब्रॅकेट १२ मिलिमीटर जाड प्लेटचे होते. दिसायला उत्तम. चकाकी एकसारखी, थर ७० मायक्रॉनच्या आसपास. वॉशरखाली मात्र कपच्या निघत होत्या. कपचीखालचा फॉस्फेटचा राखाडी थर शाबूत होता, तेल नाही, गंज नाही. म्हणजे रंगाआधी माल धुऊन फॉस्फेट चढवणाऱ्या टाक्यांचं काम चोख होतं.

मग एमईके या द्रावकात (कच्चा राहिलेला रंग त्याने सुटतो) भिजवलेला कापूस ब्रॅकेटवर घासला. थोड्याच वेळात कापूस काळा झाला आणि रंग मऊ पडला. त्याच बॅचच्या, त्याच पाळीतल्या १.२ मिलिमीटर पत्र्याच्या पॅनेलवर तेवढंच घासलं, तर जेमतेम डाग आला. बॅचवरचा आरोप माझ्यापुरता तिथेच मिटला. मालकांचं समाधान व्हायला अजून पुरावा लागणार होता.

पावडर शंभरएक अंशांच्या पुढे वितळते, पसरते आणि चकाकते. डोळ्यांना काम झालेलं दिसतं, पण खरी ताकद त्यानंतर येते. रेझिन आणि हार्डनरची रासायनिक जोडणी पुरी व्हायला या पॉलिएस्टर पावडरला २०० अंशांवर १० मिनिटं लागतात, १८० अंशांवर साधारण २०. आणि हे तापमान धातूचं मोजायचं असतं. ओव्हनच्या पॅनेलवरचा आकडा हवेचा असतो. आमच्या धंद्यातले निम्मे वाद या एका फरकातून उठतात, असं माझं ठाम मत आहे.

तापमान नोंदवणारा डेटा लॉगर उष्णतारोधक पेटीत ठेवला, त्याचं एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ब्रॅकेटला लावलं, एक पॅनेलला, एक हवेत सोडलं, आणि सगळं चेनला टांगून नेहमीच्या वेगाने ओव्हनमधून जाऊ दिलं. वीस मिनिटांनी पेटी बाहेर आली. हवा २०५ अंशांवर स्थिर होती. पत्रा पाच-सहा मिनिटांतच २०० च्या जवळ पोचला होता. ब्रॅकेट मात्र बाहेर पडेपर्यंत कसाबसा १६५ ला आला होता. मालक बराच वेळ आलेखातल्या पत्रा आणि ब्रॅकेटच्या त्या दोन रेषांकडे बघत राहिले.

लोडिंगवरचे काका जवळच उभे होते. हळूच म्हणाले, "साहेब, जाड माल आम्ही आधी वेगळाच सोडायचो, चेन हळू करून. दिवाळीनंतर डिस्पॅचची घाई लागली. रिकामे हूक दिसले की ओरडा बसतो. मग पॅनेलच्या मधेमधे ब्रॅकेट अडकवायला लागलो." काकांना धंदा नीट कळत होता. त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मालक सगळे ब्रॅकेट स्ट्रिप करायला, म्हणजे रंग पूर्ण काढून टाकायला, निघाले होते. मी थांबवलं. कच्चा राहिलेला थर स्वच्छ असेल तर पुन्हा ओव्हनमध्ये घालून पुरा भाजता येतो. चेनचा वेग निम्म्याहून कमी केला, जेणेकरून ब्रॅकेट पाऊण तास आत राहील. गोदामातले ब्रॅकेट तसे सोडले. थंड झाल्यावर कापूस घासला, तो जवळजवळ पांढराच राहिला. टॉर्क रेंचने बोल्ट आवळून सोडला. वॉशरचा ठसा उमटला, कपची उडाली नाही.

त्याच वेगाने पांढरी पॅनेलं सोडली असती तर जास्त भाजून पिवळी पडली असती. त्यामुळे दोन्ही माल वेगवेगळे चालवण्यावाचून मार्ग नव्हता. उत्पादन घटेल म्हणून मालकांनी कुरकुर केली, मग मानलं. ग्राहकाकडे आधीच बसवलेल्या ब्रॅकेटची यादी काढायला त्यांनी माणूस बसवला. मी निघण्याआधी लोडिंगच्या कार्डावर रंगाच्या शेजारी जाडीचा रकाना आखून घेतला, आणि तो भरायचं काम काकांकडे दिलं.