गंगेचं पाणी कुठवर आलं?

धुळ्याहून निघालेली एसटी ठक्कर बाजारला पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पाऊस झिमझिमत होता. ताई राहते पंचवटीत. रिक्षा न करता चालतच निघालो, कारण त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रोड पायाखाली घालायचा होता.

केंद्र सरकारचं ‘स्मार्ट सिटीज मिशन’ 25 जून 2015 ला सुरू झालं. शंभर शहरांच्या त्या यादीत नाशिकचं नाव 2016 च्या सप्टेंबरमध्ये आलं. पण माहिती आणि यंत्रांच्या मदतीने शहर चालवायची ही गोष्ट त्याच्या चाळीसेक वर्षं आधीपासूनची आहे, आणि गेले काही महिने मी तिच्याच मागे लागलो आहे. 1974 मध्ये लॉस एंजेलिसच्या महापालिकेतल्या एका विभागाने जनगणनेचे आकडे, घरांची अवस्था आणि विमानातून काढलेले इन्फ्रारेड फोटो कॉम्प्युटरला पुरवले. कुठल्या वस्त्यांचं दुखणं सारखं आहे, ते बघून त्यांचे गट पाडले. लगेच पुढच्या वर्षी सिंगापूरने शहराच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी मोटार न्यायला परवाना लावला. तो कागदाचा होता, गाडीच्या काचेवर चिकटवायचा. कमानीपाशी उभी राहिलेली माणसं तो डोळ्यांनी तपासायची. कमानीवरच्या यंत्राने आपोआप पैसे कापायला 1998 साल उजाडलं. म्हणजे तेवीस वर्षं ते काम माणसाच्या नजरेवर चाललं! हा तपशील मला फार आवडतो.

आणि ॲम्स्टरडॅम. 1994 च्या जानेवारीत तिथे कॉम्प्युटरवरचं ‘डिजिटल शहर’ उघडलं, ते दहा आठवड्यांच्या प्रयोगापुरतं. घरातल्या मोडेमवरून साध्या लोकांनी आत शिरायचं आणि नगरपालिकेच्या निवडणुकीआधी पुढाऱ्यांशी बोलायचं. लोकांची इतकी झुंबड उडाली की फोनच्या लाइनी पुरेनात.

मेहेर सिग्नल, अशोक स्तंभ, रविवार कारंजा करत होळकर पुलावर आलो. खाली गंगा गढूळ, फुगलेली. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. ताईसुद्धा आता ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणते.) रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या पोटऱ्या पाण्यात होत्या. पूर मोजायचं नाशिकचं माप हेच. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्याच्याही पुढे गेलं तर काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेची गोष्ट निघते आणि जुनी माणसं 1969 च्या महापुरावर येतात.

घाटाच्या वरच्या पायरीवर एक मावशी द्रोण, फुलं, वाती मांडून बसल्या होत्या. एरवी त्यांची जागा चार पायऱ्या खाली. एक द्रोण घेतला आणि विचारलं, “मावशी, धरणातून पाणी सोडल्याचं कळतं का तुम्हाला?”

“कळतं की. पोरगा मोबाइलवर दाखवतो. गंगापूरमधून इतकं क्युसेक, तितकं क्युसेक. पण बाळा, त्या आकड्यावरून माझ्या पाटाला पाणी कधी लागंल ते मला कसं कळायचं? मारुतीच्या गुडघ्याला टेकलं की मी उठते. कमरेला गेलं की पाट घेऊन घरी.”

(क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी.) त्यांच्या पाटाच्या पायावर पाण्याचा डाग होता, चारेक बोटं उंच. “एकदा उशीर झाला,” एवढंच म्हणाल्या.

तिथे उभ्या उभ्या मला ब्राझीलमधलं रिओ आठवलं. 2010 च्या एप्रिलमधल्या पावसात तिथे दरडी कोसळून माणसं गेली. त्यानंतर शहराने सगळ्या खात्यांना एका छताखाली बसवणारं नियंत्रण केंद्र उभारलं. पडद्यांनी भरलेल्या त्या भिंतीचे फोटो जगभर फिरले. मला मात्र मोलाचं वाटतं ते पुढचं काम. डोंगरउतारावरच्या वस्त्यांत भोंगे बसवले. पावसाचा आकडा तिथे आवाज होऊन पोचतो आणि माणसं घर सोडून निघतात. दक्षिण कोरियाच्या सोंगडोमध्ये कचरा नळ्यांतून ओढून नेतात, तेही थोरच. टोरोंटोमध्ये मात्र 2017 ला जाहीर झालेली सरोवराकाठची स्मार्ट वस्ती 2020 च्या मे महिन्यात गुंडाळली गेली. आपली माहिती कोणाकडे जाणार, हा प्रश्न तिथल्या लोकांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता.

2027 ला सिंहस्थ आहे. लाखो परगावची माणसं या पायऱ्यांवर उतरतील, त्यांना ना क्युसेक कळेल ना मारुतीचं माप. मला मनापासून वाटतं, मोबाइलवर जाणाऱ्या प्रत्येक इशाऱ्यात आकड्यापुढे एक ओळ असावी: ‘पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत येईल, अमुक वाजता.’ धरणातून सोडलेलं पाणी रामकुंडाला किती वेळात पोचतं आणि कुठवर चढतं, हे मोजता येतं. मावशींचं माप त्याला जोडायचं, एवढंच उरतं.

ताईकडे जेवून चारच्या सुमाराला परत घाटावर आलो. पाऊस थांबला होता. मावशी एक पायरी खाली सरकल्या होत्या आणि ओल्या दगडावर पोतं अंथरत होत्या.

“उतरलं का?” मी विचारलं.

त्यांनी मारुतीकडे बोट दाखवलं. त्याचे घोटे दिसायला लागले होते.