हम-हम, न-न आणि चे-चे

आज रात्री जेवणं उरकून फारसीची वही काढली आणि जोडीने येणाऱ्या अव्ययांवरच अडकून राहिले, पुढचं काही वाचलंच नाही. हम-हम, न-न, या-या, चे-चे. यादी दोन मिनिटांत पाठ होते पण खरी मजा वाक्यात आहे.

हम म्हणजे आपलं 'पण'. एकटा असला की शब्दाच्या मागे येतो, मन हम मियाम, मीपण येते. पण जोडी झाली की दोन्ही हम उड्या मारून शब्दांच्या पुढे येऊन बसतात, हम मन मियाम हम बरादरम, मीपण येते आणि माझा भाऊपण. आपला 'पण' काही केल्या पुढे जात नाही, त्यामुळे हे कानाला बसायला वेळ लागतो, मोठ्याने म्हणत राहायचं, दुसरा इलाज नाही.

न-न मात्र मराठी माणसाला फुकट मिळालंय असं मला मनापासून वाटतं. न चाय मीखोरम न गहवे. नकार सगळा त्या दोन 'न'नी उचलला, क्रियापद होकारीच राहिलं. आपणही म्हणतोच ना, मी ना चहा पिते ना कॉफी, तिथे 'पीत नाही' म्हणत नाही. आणि इराणी लोकांची ती म्हण, न सीख बेसूजद न कबाब, सळईपण जळू नये आणि कबाबपण जळू नये, म्हणजे दोन्ही बाजू सांभाळून मधला मार्ग काढायचा. एवढ्याशा म्हणीत सगळा नियम आलाय! हम-हमसाठी पण अशीच एक आहे, हम खोदा रा मीखाहद हम खोर्मा रा, याला देवपण हवा आणि खजूरपण. मला वाटतं व्याकरणाच्या तक्त्यांआधी या म्हणीच शिकवाव्यात, तक्ता विसरतो पण कबाब कोण विसरेल.

या-या सोपं, या एमशब बिया या फर्दा, एकतर आज रात्री ये नाहीतर उद्या.

चे-चे सगळ्यात आवडलं. चे बियाई चे नयाई, मन मीरम, तू ये नाहीतर नको येऊ, मी जाणार. इथे 'येणं' अजून घडलेलं नाही, ठरलेलं पण नाही, म्हणून क्रियापदाचं ते 'यावं-जावं'वालं रूप येतं, आणि 'मी जाणार' मात्र साधं सरळ, त्यात शंकाच नाही. एका वाक्यात दोघांचे स्वभाव दिसतात.

उरलं न तन्हा... बल्के, म्हणजे 'एवढंच नाही, तर'. तिथे न-नचा नियम लावायचा नाही, न तन्हा नयामद, बल्के जंग हम नजद, आला तर नाहीच, वर फोनपण केला नाही. दोन्ही क्रियापदं नकारी, आणि हम परत शब्दाच्या मागे गेलेला! उद्या यावर दहा वाक्यं लिहिणारे, सगळी न आलेल्या लोकांवर.