आत गुणलं की लाट आखडते

लेकीला शिकवताना काल पुन्हा तीच चूक माझ्या हातून झाली. साइन २क्ष चा आलेख काढायचा होता. कोन दुप्पट, म्हणजे लाटही दुप्पट लांब, असं धरून मी ७२० अंशांपर्यंत कागद आखूनही बसले. मग तिनेच क्ष ला ४५ घालून पाहिलं. आतला कोन झाला ९०, किंमत १. म्हणजे शिखर ९० ऐवजी ४५ वरच! अख्खी लाट १८० अंशांत संपली. खोडरबर शोधलं.

आवर्तनकाल, म्हणजे एका अख्ख्या लाटेची लांबी, काढायला कोनाला जितक्याने गुणाल तितक्याने साध्या साइनच्या ३६० ला भागायचं. गुणक ऋण असेल तर चिन्ह सोडून द्यायचं. बाहेरून ३ ने गुणा, ५ मिळवा, आलेख डावीकडे सरकवा, आवर्तनकाल ढिम्म हलत नाही. टॅनचा मुळातच १८०, म्हणून टॅन ३क्ष चा ६०. (इथे पोरं हमखास ३६० ला भागतात.)

मला खरी गंमत वाटते ती साइनच्या केवल मूल्याची, म्हणजे ऋण चिन्ह काढून टाकलेल्या किमतीची. आत काहीच गुणलेलं नाही, तरी खालचा अर्धा भाग उलटून वर येतो, दोन्ही उंचवटे तंतोतंत सारखे होतात आणि आवर्तनकाल १८० वर येतो. टॅनचं केवल मूल्य घेतलं तर? तिथे मात्र १८० चे १८० च. लेक त्यावरून अजून माझ्याशी भांडतेय.